महालक्ष्म्यांच्या आधीचे चार दिवस : साचलेलं घर पाहुण्यांसाठी कसं आवरावं

आम्ही दोघं नोकरी करतो आणि पुण्यात वाघोलीला भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात राहतो. तीन वर्षांपूर्वी सासरच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, पहिल्यांदाच लातूरऐवजी आमच्याकडे बसवायच्या ठरल्या. सासू-सासरे, नणंद आणि तिची दोन मुलं यायची होती. पावसाळाभर आमचं घराकडे लक्ष नव्हतं. आधी माझं आजारपण, मग दोघांच्याही कामाची घाई. पंख्यांवर काळा थर बसला होता, नळांवर पांढरे डाग होते, दुसऱ्या बेडरूममध्ये खोक्यांचा ढीग लागला होता आणि हातात चार दिवस होते.

त्यातले पहिले दोन दिवस मी चुकीच्या जागी घालवले. हॉलमधलं शोकेस, गॅलरीचं ग्रिल आणि स्वयंपाकघरातली सगळी कपाटं मी रात्री एकपर्यंत जागून लख्ख केली. पाहुणे पहाटे हडपसरला उतरून घरी आले, तेव्हा त्यांच्या न्हाणीघरात गटाराचा वास होता, चादरी दमट होत्या आणि बॅगा ठेवायला जागा नव्हती. सासऱ्यांना रात्री संडासला उठल्यावर दिव्याचं बटण सापडलं नाही, अंधारात त्यांचा गुडघा दारावर आपटला. शोकेसकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. जे पाहुण्यांच्या अंगाला, ताटाला आणि अंथरुणाला लागणार आहे ते आधी, डोळ्यांना दिसणारं नंतर. पुढचा सगळा क्रम त्यावरच बेतला आहे. पहिल्यांदाच स्वतःचं घर चालवणाऱ्यांसाठी लिहिते आहे. सण कुठलाही असो, पाहुणे कुणीही असोत, क्रम फारसा बदलत नाही.

१. झाडू घेण्याआधी पाहुण्यांच्या वाटेने फिरा

एक कागद आणि पेन घ्या. घराच्या दाराबाहेर उभे राहा आणि आपण रात्रभर बसचा प्रवास करून आलो आहोत असं समजून आत या. चपला कुठे काढू? बॅग कुठे ठेवू? हातपाय कुठे धुऊ, टॉवेल कुठे आहे? पाणी कोण देईल, पेले कुठे आहेत? चहा कुठे होईल? अंघोळीला गेल्यावर कपडे कशाला टांगू? दुपारी आडवं व्हायचं तर कुठे? रात्री उठलो तर दिवा कुठे?

जिथे अडाल तिथे कागदावर एक ओळ लिहा. बहुतेक घरांत पंधरा-वीस ओळी होतात. हीच तुमची कामांची यादी. ‘हॉल आवरणे’ असं मोघम लिहू नका. ‘सोफ्यावरचे कपडे उचलणे’ असं लिहा, म्हणजे ते काम घरातल्या दुसऱ्या कुणालाही सांगता येतं.

आमच्या घरात ही वाट आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्यांचं आवाहन होतं, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. आवाहनाच्या दिवशी दारापासून पावलं काढून त्यांना घरात आणतात आणि स्वयंपाकघर, धान्याची जागा, तिजोरी, सगळं दाखवत पुढे नेतात. म्हणजे पाहुण्यांच्या आणि महालक्ष्म्यांच्या वाटेवरच्या जागा बऱ्याचशा त्याच. मी आता वर्षातून एकदा त्या पावलांच्या वाटेनेच घर तपासते.

२. सामान एकदाच आणा

मधेच दुकानात जावं लागलं की अर्धा तास जातो आणि हुरूपही जातो. मी आणते ते असं :

- जाळ्या काढायचा लांब दांड्याचा झाडू, केरसुणी किंवा कुंचा, सुपली, न्हाणीचा खराटा, वायपर, पोछा
- जुन्या सुती साड्या किंवा बनियन फाडून केलेली निदान दहा फडकी. स्वयंपाकघराची, न्हाणीघराची आणि देवघराची वेगवेगळी
- धुण्याचा सोडा अर्धा किलो आणि खाण्याचा सोडा एक पुडा
- लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. दोनशे ग्रॅम पुरतं
- भांड्यांचा साबण, तारेची घासणी, स्पंजची घासणी, जुने टूथब्रश
- रबरी हातमोजे, नाकातोंडाला बांधायला रुमाल किंवा मास्क
- पितांबरी किंवा चिंच-मीठ
- न डगमगणारी शिडी किंवा स्टूल. चाकाच्या खुर्चीवर चढून पंखे पुसू नका

सामानाबरोबर थोडे कागदही हाताशी ठेवा. गॅसचं पुस्तक, पाण्याच्या फिल्टरच्या दुरुस्तीची पावती, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर आणि येणाऱ्या ज्येष्ठांच्या औषधांची यादी. सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांची नावं नोंदवावी लागत असतील तर ती आदल्या दिवशीच टाका. पहाटे पाच वाजता वॉचमनने फोन केला आणि आपण झोपेत असलो, तर म्हातारी माणसं बॅगा घेऊन बाहेर उभी राहतात.

३. ज्याला वेळ लागतो ते पहिल्या दिवशी सुरू करा

घासायची कामं तुमच्या हातात असतात, रात्री दहालाही होतात. वाळायची, भिजायची आणि दुसऱ्या माणसावर अवलंबून असलेली कामं तशी होत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी ही पाच सुरू करा.

पहिलं, धुणं. भाद्रपदात पुण्याच्या हवेत जाड चादर वाळायला दोन दिवसही लागतात. कपडे जितके सावकाश वाळतील तितका त्यांना कुबट वास येतो, कारण ओलाव्यात जिवाणू वाढत राहतात. चादरी, अभ्रे आणि टॉवेल पहिल्या दिवशीच मशीनला लावा, दोनदा पिळून काढा आणि पंख्याखाली एकावर एक न टाकता पसरून वाळवा. किंचित दमट राहिलेली चादर इस्त्रीने कोरडी होते. गोधड्या आणि रजया आता धुवायच्या भानगडीत पडू नका, त्या वाळणार नाहीत. ऊन पडेल तेवढा वेळ गॅलरीत टाका आणि झटका.

दुसरं, गॅस. भरलेला जादा सिलिंडर नसेल तर लगेच नोंदवा. पुरण शिजताना गॅस संपला तर सणाच्या दिवशी तो मिळत नाही. त्याच वेळी शेगडीच्या नळीवर छापलेली तारीख बघा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि भाड्याच्या घरात ती अनेकदा आधीच्या भाडेकरूच्या काळातली निघते. गळतीचा संशय आला तर तक्रारीचा नंबर १९०६ आहे.

तिसरं, प्लंबर. गळका नळ, न भरणारी संडासची टाकी, न तापणारा गीझर. सणाच्या आठवड्यात प्लंबर दोन दिवसांनंतरचीच वेळ देतो.

चौथं, कामाच्या मावशी. त्यांच्याही घरी गणपती-गौरी असतात. ‘चार दिवस जास्त वेळ या’ असं आयत्या वेळी सांगू नका. त्यांना कोणत्या दिवशी सुटी हवी ते आधी विचारा आणि जास्तीच्या कामाचे पैसे तेव्हाच ठरवून द्या. मला वाटतं घर आवरण्याच्या गडबडीत आपण सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर करतो. पंखे, जाळ्या, माळा ही कामं रोजच्या पगारात धरायची नसतात.

पाचवं, धान्य. पावसाळ्यात तांदळाला सोंडे, डाळीला टोके आणि रव्याला अळ्या-जाळ्या लागलेल्या असतात. डबे पहिल्याच दिवशी उघडून बघा. ऊन नसेल तर रवा, मैदा, बेसन पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, किडे आणि अंडी मरतात. जाळ्या धरलेलं पीठ मात्र चाळून वापरण्याचा मोह टाळा.

४. अडगळ हलवा, उघडू नका

इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. खोकं उघडलं की आतला जुना फोटो, पावती, लहानपणचा स्वेटर निघतो आणि दुपार तिथेच संपते. चार दिवसांत घरातल्या वस्तूंचा निकाल लावायचा नसतो, जागा मोकळी करायची असते.

मी एक मोठी चादर जमिनीवर पसरते. पाहुण्यांच्या खोलीतलं जे तिथलं नाही ते सगळं त्यावर टाकते. मग तीन ढीग. रद्दी लगेच दाराबाहेर. ओला आणि सुका कचरा वेगळा करून ठेवला तर नेणाऱ्या ताईंचंही काम सोपं होतं. ज्याची जागा घरात ठरलेली आहे ते तिथे. उरलेलं खोक्यात भरून वर तारीख लिहून आपल्या बेडरूममध्ये पलंगाखाली. एवढंच.

एक कपाट किंवा कपाटाचे दोन कप्पे मात्र खरोखर रिकामे करा आणि चार-पाच हँगर ठेवा. आठ दिवस राहायला आलेल्या माणसाला बॅगेतून कपडे उपसत राहावं लागलं की तो घरात असूनही फलाटावर असल्यासारखा राहतो. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी तीन दिवस साड्या पिशवीतच ठेवल्या. मला ते चौथ्या दिवशी दिसलं आणि वाईट वाटलं.

५. वरून खाली, आधी कोरडं मग ओलं

आधी जाळ्या, मग पंखे, मग दिवे, मग खिडक्या, शेवटी फरशी. फरशी आधी पुसली तर पंख्याची धूळ तिच्यावर पडते आणि काम दुप्पट होतं.

पंखा पुसायला जुना उशीचा अभ्रा घ्या. मेन स्विच बंद करून पातं अभ्र्यात घाला आणि दोन्ही बाजूंनी दाबत ओढा, धूळ आतच राहते. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तेलकट थर असतो. त्यावर ओलं फडकं नुसतं फिरवलं तर चिखल होतो. आधी कोरड्या फडक्याने धूळ काढा, मग गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा.

खिडक्यांच्या काचा राहिल्या तरी चालेल. खिडकीच्या खालच्या पट्टीतला गाळ मात्र टूथब्रशने काढा. पावसाचं पाणी तिथल्या भोकांतून बाहेर जातं. ती बुजली की पाणी घरात येतं आणि भिंत फुगते.

गॅलरीत एक गोष्ट विसरायची नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे, कूलरची टाकी आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे रिकामे करून घासा. डेंगीचा डास अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्या अंड्याचा डास होतो आणि तो दिवसा चावतो. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. घासावंच लागतं.

६. स्वयंपाकघर

इथे एक पूर्ण दिवस द्या. ओट्यापासून सुरुवात करा, कपाटांपासून नको.

आधी तुमचा ओटा कसल्या दगडाचा आहे ते ओळखा. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, क्षारांचं. सिंकभोवती आणि नळावर पांढरी पुटं धरतात. ती पुटं काढायला एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूफूल घाला, फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासा आणि साध्या पाण्याने धुवा. स्टीलच्या नळाला, सिंकला आणि ग्रॅनाइटच्या ओट्याला हे चालतं. पण कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आम्ल लागलं की त्यांची वरची झिलई जाते आणि पांढरट चट्टा कायमचा राहतो. लिंबू, व्हिनेगर, लिंबूफूल, काहीही या दगडांवर नको. तिथे साबणाचं पाणी आणि मेहनत, दुसरा इलाज नाही.

शेगडीचे बर्नर काढून उकळत्या पाण्यात भांड्यांचा साबण घालून तासभर भिजत ठेवा, मग टूथब्रशने घासा आणि भोकं सुईने मोकळी करा. लावण्याआधी पूर्ण कोरडे करा, नाहीतर ज्योत पिवळी येते आणि भांडी काळी होतात. चिमणीच्या स्टीलच्या जाळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात छान निघतात. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा वापरू नका, ती काळी पडते. सोडा वापरताना हातमोजे घाला, हाताची सालं निघतात.

डब्यांवरचा चिकट तेलकटपणा काढायला माझ्या आईची युक्ती अजून कामी येते. डब्यावर थोडं बेसन किंवा गव्हाचा कोंडा चोळायचा, तेल त्यात येतं, मग साबणाने धुवायचं. निम्मा साबण आणि निम्मं पाणी वाचतं.

फ्रिज दोन तासांत आटपतो. सगळं बाहेर काढा, तारीख उलटलेलं आणि बुरशी आलेलं फेकून द्या. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून आतून पुसा, वास जातो. दाराच्या रबराच्या घड्या ब्रशने साफ करा. तिथे काळी बुरशी धरलेली असते. फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर साचला असेल तर फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा आणि आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुरीने बर्फ फोडू नका. आतली गॅसची नळी फुटली की फ्रिजच गेला. पाहुणे आल्यावर शिजवलेलं खूप उरतं, म्हणून फ्रिजमधलं तापमान चार अंशांपर्यंत किंवा त्याखाली राहील असं बटण लावा आणि निदान एक पूर्ण कप्पा मोकळा ठेवा.

आणि पाणी. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेली माणसं घरात आल्यावर आधी विचारतात, ‘पाणी किती वाजता येतं?’ माझ्याकडे पहिल्या वर्षी उत्तरच नव्हतं, कारण टाकी आमची नाही, सोसायटीची. आता मी टँकरची वेळ विचारून ठेवते, पिंप घासून भरते आणि त्यावर झाकण ठेवते. पाच माणसं वाढली की पाण्याचा खर्च दुपटीच्या पुढे जातो. फिल्टरची मेणबत्ती किंवा काडतूस बदलायला आलं असेल तर तेही आताच.

७. न्हाणीघर आणि संडास

पाहुण्यांच्या वाट्याला येणारं न्हाणीघर बहुधा तेच असतं जे आपण वापरत नाही. तिथे गटाराचा वास येतो आणि आपण फिनेल ओतत राहतो. मीही दोन बाटल्या ओतल्या. खरं कारण प्लंबरने सांगितलं. जमिनीतल्या जाळीखाली वाकडी नळी असते, नहाणी ट्रॅप म्हणतात. तिच्यात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. न्हाणीघर काही आठवडे वापरलं नाही की ते पाणी सुकतं आणि वास थेट वर येतो. उपाय म्हणजे एक बादली पाणी. जाळी उचला, आतले केस आणि साबणाचा गाळ काढा, बादलीभर पाणी ओता. बेसिनखालीही तसंच. वास तरीही राहिला तरच प्लंबरला बोलवा.

आता या लेखातली सगळ्यात गंभीर सूचना. संडास धुण्याच्या बहुतेक लिक्विडमध्ये आम्ल असतं. ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच त्यात मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो; तो ब्लीचमध्ये मिसळला तरी विषारी वायूच होतो. दोन औषधं मिळून जास्त स्वच्छ होईल असं वाटतं आणि लहानशा बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो. एका दिवशी एकच औषध वापरा, भरपूर पाण्याने धुवा, खिडकी आणि दार उघडं ठेवा. डोळे चुरचुरले किंवा घसा जळला तर सगळं तिथेच टाकून बाहेर या आणि मोकळ्या हवेत थांबा. त्रास थांबला नाही तर दवाखान्यात जा. मुलांना आणि मावशींना ही गोष्ट स्वतः सांगा, बाटलीवरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही.

टाइल्सवरचे पांढरे डाग लिंबूफुलाच्या गरम पाण्याने जातात. शॉवरची जाळी काढून त्याच पाण्यात तासभर बुडवा, बंद पडलेली भोकं मोकळी होतात. खूप दिवस बंद असलेला गीझर तापवून आतलं जुनं पाणी पाच-दहा मिनिटं वाहू द्या.

ज्येष्ठ माणसं येणार असतील तर स्वच्छतेपेक्षा घसरण मोठी. शेवाळ आणि साबणाचा थर खराट्याने काढा. बसून अंघोळ करायला पक्क्या पायांचं स्टूल ठेवा आणि रबरी चटई अंथरा. भिंतीला हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या मुठी बाजारात मिळतात. त्यांच्यावर भार टाकू नये, त्या निसटतात. भोकं पाडून बसवायची पक्की मूठ हवी असेल तर घरमालकाला आधी विचारा. आम्ही विचारलं, त्यांनी लगेच हो म्हटलं.

बादली, मग, नवा साबण, कपडे टांगायला दोन खुंट्या, पायपुसणं. गीझरच्या बटणावर कागद चिकटवून ‘गीझर’ असं मोठ्या अक्षरात लिहा. सासऱ्यांनी त्या कागदाचं जितकं कौतुक केलं तितकं पुरणपोळीचंही केलं नाही.

८. अंथरुणं आणि ओल

पावसाळ्यात बंद ठेवलेल्या खोलीला एक दमट वास असतो. उदबत्तीने तो झाकला जातो, जात नाही. आधी भिंतीकडे बघा, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी. काळी-हिरवी बुरशी दिसली तर कोरड्या झाडूने झाडू नका, ती हवेत उडते आणि दमा असलेल्यांना रात्री त्रास होतो. नाकाला रुमाल बांधा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपून घ्या, ते फडकं टाकून द्या आणि मग भिंत पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. ओल तशीच राहिली तर बुरशी परत येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे मागे हवा खेळेल. भिंतीतूनच पाणी झिरपत असेल तर ते चार दिवसांचं काम नाही, त्या कडेला अंथरूण घालू नका आणि घरमालकाला फोटो पाठवा.

गोधड्यांमध्ये डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर पाहुणे यायच्या दोन दिवस आधी त्या काढून गोधड्यांना हवा द्या. तान्हं बाळ येणार असेल तर त्या गोधड्या वापरूच नका. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका विकराची म्हणजे एन्झाइमची कमतरता असते आणि डांबरगोळीच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. नणंदेचा धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा होता. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं म्हणून कळलं.

प्रत्येकासाठी वेगळी उशी आणि वेगळं पांघरूण मोजून ठेवा. कमी पडत असेल तर शेजारी मागा, सणात कुणी नाही म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना जमिनीवर गादी देऊ नका. पलंग त्यांना, आपण खाली. पलंगापासून संडासापर्यंत रात्री एक छोटा दिवा जळत राहील अशी सोय करा.

९. महालक्ष्म्यांची जागा आणि माळ्यावरची भांडी

ज्यांच्याकडे महालक्ष्म्या नाहीत त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

जागा आधी मोजा. दोन मुखवटे, साड्या नेसवलेल्या कोठ्या, शेजारी बाळं, पुढे फराळाची ताटं आणि वर फुलोरा, एवढं मांडायला आमच्याकडे सहा फुटांची भिंत लागते. जवळ विजेचं बटण हवं आणि पंख्याचा वारा थेट समईवर यायला नको. सोफा कुठे सरकवायचा ते आदल्या दिवशी करून बघा.

माळ्यावरची मोठी परात, पातेली, पुरणयंत्र तिसऱ्या दिवशी खाली काढा. समई, ताम्हन, निरांजन चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासा, लगेच धुऊन कोरडी करा, नाहीतर पुन्हा डाग पडतात. पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करणार असाल तर आतली कल्हई बघा. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार किंवा आंबील कळकते आणि पोट बिघडतं. कल्हईवाला आता शोधूनही सापडत नाही, तेव्हा सरळ स्टीलचं पातेलं घ्या. सोळा भाज्या निवडायला मोठी रिकामी जमीन लागते हेही धरून चाला. आमच्याकडे त्या रात्री हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून सगळे बसतात.

१०. हातात एकच दिवस असेल तर

न्हाणीघर आणि संडास, धुतलेल्या चादरी, ओटा आणि सिंक, पिण्याचं पाणी, बॅगेसाठी रिकामी जागा. या क्रमाने. मग जाळ्या, पंखे आणि फरशी. बाकी सगळं खोक्यात आणि खोकं आपल्या खोलीत. फ्रिज, खिडक्या, कपाटं, शोकेस यांना हात लावू नका. धुणं वाळणार नसेल तर चादरी जवळच्या लाँड्रीत टाका किंवा दोन नव्या आणा.

११. आदल्या संध्याकाळी

सहा वाजता झाडू खाली ठेवा. जे राहिलं ते राहिलं. पहिल्या वर्षी मी रात्री एकपर्यंत घासत होते आणि पहाटे पाहुणे आले तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं.

आता फक्त मांडणी करायची. चहाचं भांडं, साखर, चहा, गाळणं आणि कप ओट्यावर समोर. पहाटे उठणाऱ्या सासऱ्यांना कुणाला न उठवता चहा करून घेता येतो आणि ते त्यांना आवडतं. पाण्याचा तांब्या-भांडं खोलीत. टॉवेल पलंगाच्या पायथ्याशी. कचऱ्याचा डबा रिकामा, संडासात पाणी. सकाळी कुकरला लावायचा तांदूळ मोजून ठेवलेला. दाराबाहेरच्या चपला उचलून रांगोळीपुरती जागा पुसून घ्या. रांगोळी सकाळीच, रात्री पावसाची झड आली तर वाहून जाते.

मग त्या पहिल्या दिवशीच्या कागदावर न झालेल्या ओळींना गोल करा आणि तो फ्रिजवर लावा. नणंद आल्यावर नक्की विचारते, ‘वहिनी, काय करू?’ आणि काहीतरी करू द्यावं लागतंच, रिकामं बसवलं तर तिला परकं वाटतं. गेल्या वर्षी तिने आणि मी खिडक्यांच्या काचा पुसल्या, पूजनाच्या आदल्या दुपारी, मुलं झोपलेली असताना.